एका ऑइल सीलची चौकशी

जुनी टू-स्ट्रोक गाडी बिघडली की आरोपी आधीच ठरलेले असतात. पहिला कार्बोरेटर, दुसरे पेट्रोल आणि तिसरा गाडी चालवणारा. पहिल्या दोघांना तोंड नाही. तिसऱ्याला आहे, पण तो नवखा असेल, मानधनावरचा असेल किंवा घरातला धाकटा असेल, तर त्याच्या बोलण्याला किंमत नसते. मग दोष त्याच्याच नावावर चढतो. आमचे म्हणणे असे आहे की, निदान इंजिनाच्या बाबतीत तरी असा आरोप मोजून सिद्ध करता येतो किंवा मोजून खोडून काढता येतो. त्याला लागणारे साधन इतके साधे आहे की, ते न वापरता निकाल देणाऱ्याकडे कोणतीही सबब उरत नाही.

आमच्या गटाकडे शंभर सीसीच्या वर्गातली एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. भोरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये आणि वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला आम्हाला सतत जावे लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, निराधार योजनेची प्रकरणे, दवाखाना अशी ही कामे. जिथे एस.टी. वेळेवर मिळत नाही तिथे ही गाडीच आमची एस.टी. या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, कारण टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टला, बेअरिंगला आणि पिस्टनला तेल मिळते ते या मिश्रणातूनच. ऑइल मिसळण्याचे काम गटातल्या सर्वांत लहान मुलाकडे होते. तो प्रत्येक वेळी किती लिटर पेट्रोल आणि किती मिली ऑइल टाकले हे वहीत लिहून ठेवायचा.

गेल्या पावसाळ्याच्या आधी गाडीने खोड्या सुरू केल्या. थंड असताना ती नीट चाले. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी इंजिनाची रेस खाली येईना. कधी आपोआप वाढे, कधी एकदम पडे. स्लो सेट केला की दोन दिवस बरे, मग पुन्हा तेच. एके दिवशी घाट उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना, पिस्टन पकडला आणि मागचे चाक क्षणभर जाम झाले. मागे निराधार योजनेचे कागद घेऊन एक आजी बसल्या होत्या. मुलाने तत्काळ क्लच दाबला म्हणून चाक सुटले आणि दोघे वाचले.

गाडी गॅरेजला गेली. तिथे प्लग काढून पाहिला, तो पांढरट निघाला. निकाल लगेच आला: "पोरगं ऑइल कमी टाकतंय. सिलिंडर बोअर करावा लागेल, नवा पिस्टन लागेल, आणि यापुढे ऑइल जास्त टाका. जेट पण मोठा टाकून देतो." खर्चाचा आकडा ऐकून गटाच्या बैठकीत कोणीतरी सुचवले की, निम्मा खर्च त्या मुलाच्या मानधनातून कापावा. त्याने वही पुढे केली. वही कोणी उघडलीसुद्धा नाही. आम्ही एवढेच म्हटले की चौकशी झाल्याशिवाय एक रुपयाही कापला जाणार नाही, आणि चौकशी म्हणजे पुन्हा त्याच गॅरेजवाल्याचे मत विचारणे नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्लग पांढरट का होतो? इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते, जळण प्रमाणाबाहेर गरम होते, म्हणून. म्हणजे पांढरा प्लग फक्त 'हवा जास्त आहे' एवढेच सांगतो. ती हवा कुठून आली हे तो सांगत नाही. ऑइल कमी पडल्याचे तर तो मुळीच सांगत नाही. उलट, पेट्रोलमध्ये ऑइल वाढवले की त्याच थेंबात पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या तुलनेत पेट्रोल आणखी कमी होते. ज्या उपायाने रोग किंचित का होईना वाढतो, तोच औषध म्हणून सांगितला जात होता.

हवा आत येण्याची वाट समजून घ्यायची तर टू-स्ट्रोकची रचना समजून घ्यावी लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे ऑइलची टाकी. तिथले सील गळले तर खाली ऑइल ठिबकते, जमिनीवर डाग पडतो, माणसाला कळते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा एक पंप असतो. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या पोर्टमधून सिलिंडरमध्ये चढते. हा पंप हवाबंद राहावा म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगच्या बाहेर, रबराची दोन ऑइल सीले बसवलेली असतात. एक मॅग्नेटोच्या बाजूला, एक क्लचच्या बाजूला. सीलच्या आतल्या कडेला पातळ ओठ असतो. तो फिरत्या शाफ्टला चिकटून राहावा म्हणून त्याच्याभोवती बारीक स्प्रिंगची कडी असते.

मॅग्नेटो बाजूचे सील गेले की पिस्टन वर जाताना इंजिन कार्बोरेटरला टाळून बाहेरची कोरडी हवा ओढते. या हवेत ना पेट्रोल असते, ना ऑइल. म्हणून रेस चढून राहते, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते. क्लच बाजूचे सील गेले तर चित्र वेगळे दिसते. तिकडे गिअर ऑइल असते, तेच आत ओढले जाते. सायलेन्सरमधून दाट पांढरा-निळा धूर येतो, प्लग काळा-ओला होतो, आणि बाहेर एक थेंबही न सांडता गिअर ऑइलची पातळी घटत जाते. कधी उलट होऊन पेट्रोल गिअर ऑइलमध्ये उतरते, मग ऑइल पातळ होते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. एकाच जातीचे दोन भाग आहेत, पण बिघाडाची लक्षणे एकमेकांच्या अगदी विरुद्ध. यावरून कळावे की नुसते लक्षण पाहून निकाल देणे किती धोक्याचे आहे.

आणि घाटातच पिस्टन का पकडला? अ‍ॅक्सिलरेटर बंद करून उतरताना चाक इंजिनाला फिरवत असते, पण कार्बोरेटरमधून मिश्रण अगदी थोडे येते. म्हणजे ऑइलही थोडेच. इंजिन एकूणच कमी श्वास घेत असताना गळक्या सीलमधून येणाऱ्या कोरड्या हवेचा वाटा सर्वांत मोठा असतो. जेट मोठा करून भरधाव वेगातले मिश्रण सुधारले असते, प्लगचा रंगही बदलला असता, आणि उतारावरचा धोका तसाच राहिला असता. लक्षण झाकले गेले असते, एवढेच.

ही सगळी मांडणी आम्हाला आमच्या वस्तीतल्या एका काकांनी समजावून दिली. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सातवीपर्यंत शिकलेले. मुलाने त्यांना वही दाखवली तेव्हा त्यांनी पाने उलटून पाहिली आणि विचारले, "हवा कुठून घेतेय ते मोजलं का रे कुणी?" आम्ही म्हटलं, "काका, मोजायचं कशानं?" ते म्हणाले, "तुमच्या आरोग्य शिबिरातलं बीपीचं मशीन आहे ना फाटलेलं, ते आणा."

घड्याळाच्या तबकडीचे एक जुने बीपी यंत्र आमच्या कपाटात पडून होते. दंडाला बांधायचा पट्टा फाटला होता, पण रबरी फुगा आणि तबकडी चांगली होती. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसची तपासणी साधारण ६ पौंड दाबावर करतात. त्याहून फार वर गेले तर चांगली सीलेही जागची हलू शकतात, म्हणून टायरचा हवेचा पंप इथे लावायचा नसतो. बीपीची तबकडी ३०० मिलिमीटरपर्यंत दाखवते, म्हणजे जवळजवळ ५.८ पौंड. एक पौंड म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर. या कामासाठी जणू मुद्दाम बनवलेले माप.

काकांनी आधी यंत्राचीच तपासणी करायला लावली. नळीचे तोंड बोटाने दाबून फुगा भरला, दोन मिनिटे काटा हलला नाही. म्हणाले, "मोजणारा खरा आहे का ते आधी बघायचं, मग दुसऱ्याला खोटं म्हणायचं."

मग सायलेन्सर काढला आणि त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून लोखंडी पट्टी नटांनी आवळली. कार्बोरेटर काढला. मॅनिफोल्डच्या रबरात एक रबरी बूच बसवले, त्यातून तांब्याची बारीक नळी काढली आणि तिला बीपीची नळी जोडली. हवा कार्बोरेटरच्या बाजूनेच भरायची, कारण त्या वाटेवर एका दिशेला उघडणारी रीडची पाती असते. सायलेन्सरकडून दाब दिला तर ती मिटते आणि मॅनिफोल्डची गळती तपासणीतून सुटते. प्लग घट्ट बसवला आणि पिस्टन अगदी खाली आणून ठेवला, म्हणजे सगळी पोर्ट उघडी राहून क्रँककेस आणि सिलिंडर एकच पोकळी होते.

मुलाने फुगा दाबत काटा २५० वर नेला. नियम असा की एका मिनिटात एक पौंडापेक्षा, म्हणजे साधारण ५० मिलिमीटरपेक्षा जास्त दाब उतरू नये. आमचा काटा वीस सेकंदांत शंभरच्या खाली आला.

म्हणजे गळती होती. पण कुठे? इथेही घाईला जागा नव्हती. स्वस्त आणि सोप्या जागा आधी, अवघड जागा नंतर. साबणाचे पाणी ब्रशने मॅनिफोल्डच्या रबराला लावले, कारण ते रबर तडकणे हे याहून नेहमीचे कारण आहे. बुडबुडा नाही. सिलिंडरच्या बुडाचे गॅसकेट, हेडचे गॅसकेट, प्लगची बैठक, कुठेच नाही. गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पातळ पडदा धरला. क्लच बाजूचे सील गळत असते तर हवा तिथून वर येऊन पडदा फुगला असता. पडदा स्थिर राहिला. उरली मॅग्नेटोची बाजू. झाकण काढले तर चाकामागे धूळ आणि ऑइलचा काळा चिखल साचलेला. फुगा दाबला की बारीक 'सूं' आवाज येत होता. काही जण चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून रेस बदलते का ते पाहतात. गरम इंजिन आणि प्लगची ठिणगी जवळ असताना हे करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. साबणाच्या पाण्याला कोणताही धोका नाही आणि ते खोटेही बोलत नाही.

मॅग्नेटोचे चाक काढायला पुलर लागतो. हातोडी आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर लावून ते उपटणारे खूप आहेत. पण टू-स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बहुधा तुकडे दाबून जोडलेला असतो. टोकावर ठोके बसले की तो रेषेतून जातो आणि मग नवे सीलही टिकत नाही. काकांनी एका ओळखीच्या फिटरकडून पुलर आणवला. चाक आल्यावर अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी जपून डबीत ठेवली. कॉइलची प्लेट काढण्याआधी तिच्या जागेवर खूण केली, कारण ती इकडची तिकडे बसली तर ठिणगीची वेळ चुकते. मग सील समोर आले आणि साबण लावून दाब दिला तेव्हा ओठाच्या एका बाजूला बुडबुड्यांची रांग उठली. ते सगळ्यांनी पाहिले. मानधन कापायचे सुचवणाऱ्यानेही.

सील बाहेर काढले तेव्हा त्याचा ओठ प्लॅस्टिकसारखा कडक झाला होता. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होते. २०२० च्या टाळेबंदीत गाडी कित्येक महिने एकाच जागी उभी होती. ओठ शाफ्टवर कोरडा बसून राहिला आणि नंतर फिरताना झिजला, असे काकांचे मत. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शाफ्टचे टोक हातात धरून वर-खाली हलवून पाहायला लावले. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर शाफ्ट डगमगतो आणि नवे सील काही महिन्यांत पुन्हा जाते. ढिलाई लागली नाही. शाफ्टवर जुन्या ओठाची बारीक रेघ दिसत होती, पण नखाला अडकत नव्हती. अडकली असती तर नवे सील मिलिमीटरभर मागे-पुढे बसवून ओठाला ताजी जागा द्यावी लागली असती.

नवे सील जुन्यावर छापलेल्या मापावरून आणले: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात गाडीचे नाव सांगून मिळेल ते घेण्यापेक्षा ही तीन मापे जुळवणे जास्त भरवशाचे. त्याची किंमत आमच्या पाच जणांच्या चहा-वडापावाएवढी झाली. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवायची, कारण ओठावर आतला दाब पडून तो शाफ्टला घट्ट धरतो. चावीच्या खाचेने ओठ कापला जाऊ नये म्हणून खाचेवर पातळ टेप गुंडाळली, ओठाला थोडे ग्रीस लावले आणि सीलच्या बाहेरच्या मापाची गोटी ठेवून हलक्या हाताने, सगळीकडून सारखे, आत बसवले. हे सगळे मुलाने केले. काका फक्त बघत होते आणि मधूनच म्हणत होते, "घाई नको."

गाडी जोडण्याआधी पुन्हा फुगा भरला. काटा २५० वर. एक मिनिट, दोन मिनिटे. काटा जवळजवळ तिथेच. जिथे व्हॅक्यूम पंप असेल तिथे उलटी, म्हणजे हवा ओढून घेणारी तपासणीही करावी, कारण दाबाने ओठ शाफ्टला चिकटतो आणि ओढीने सुटतो, त्यामुळे एखादे सील पहिल्या परीक्षेत पास होऊन दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकते. सायलेन्सरच्या पोर्टमधून पिस्टन पाहिला तेव्हा त्यावर दोन-तीन उथळ उभ्या रेषा होत्या. बोअर करण्याची गरज नव्हती. गाडी सुरू झाली, स्लोवर स्थिर राहिली, आणि आठवड्याने प्लग काढला तेव्हा तो चहाच्या रंगाचा होता. जेट जुनाच आहे. ऑइलचे मापही वहीतलेच आहे.

या सगळ्यात आम्हाला एक गोष्ट सलते. आम्ही एम.ए.ला समाजशास्त्र शिकलो. श्रमविभागणीवर उत्तरपत्रिका लिहिल्या. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की, जातिव्यवस्थेने केवळ कामे वाटली नाहीत, तर काम करणाऱ्या माणसांनाच एकावर एक रचले. या उतरंडीचा परिणाम ज्ञानावरही होतो. हाताला काळे लागते त्याला आपल्याकडे 'मिस्त्री' म्हणतात आणि त्याचे ऐकून घेताना समोरचा त्याची शाळा विचारतो. सातवी शिकलेल्या काकांनी जे केले, त्याला विद्यापीठात पद्धतिशास्त्र म्हणतात: आधी साधन तपासा, मग शक्यता लिहून काढा, एकेक बाद करा, दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा घ्या. गॅरेजच्या निकालात यातले एकही पाऊल नव्हते. तरी तो निकाल बैठकीत लगेच पटला, कारण तो आत्मविश्वासाने सांगितला गेला आणि ज्याच्याविरुद्ध होता तो सर्वांत लहान होता.

काही मित्र म्हणतील, एवढ्याशा रबरासाठी एवढे लांबण कशाला? जुनी गाडी विकून टाका. टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा जमाना प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर ओसरला, हे खरे आहे, आणि त्या धुराचे समर्थन आम्ही करत नाही. पण फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे, झाडे तोडायच्या करवती यांत अजून हेच इंजिन आहे. ती यंत्रे भाड्याने घेऊन राबणाऱ्या मजुराच्या हातात यंत्र बंद पडले की मालक दिवसाची मजुरी कापतो आणि म्हणतो, "तूच ऑइल कमी टाकलंस." त्या मजुराकडे तर वहीही नसते. त्याच्यासाठी ही तपासणी थेट पोटाचा प्रश्न आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक तालुक्यातल्या गटाने एक जुने बीपी यंत्र, दोन-तीन मापांची रबरी बुचे, एक लोखंडी पट्टी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा पिशवीत घालून ठेवावा. सगळे मिळून एका पिस्टनच्या किमतीपेक्षा कमी. आणि कोणाच्या मजुरीतून किंवा मानधनातून बिघाडाचा खर्च कापण्याआधी काटा किती सेकंदांत उतरतो ते त्याच्यासमोर मोजावे. आमची पिशवी भोरला आहे आणि ती आता त्या मुलाच्या ताब्यात असते. गेल्या दोन महिन्यांत त्याने तीन फवारणी पंप तपासले. दोनांत सील गळत होते. तिसऱ्यात खरेच ऑइल कमी पडले होते, आणि तेही त्याने तितक्याच सरळपणे सांगितले.